गॅलरीतली बाग थंडीसाठी मिटायची की मांडायची?

मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनींचे पत्र कोजागरीनंतर आले. घराच्या दक्षिणेकडील गॅलरीत त्यांनी २६ कुंड्या जमवल्या आहेत. त्यांची मुलगी टोरांटोला असते आणि दर रविवारच्या फोनवर दोघींचे बोलणे हमखास बागेकडे वळते. गेल्या वर्षी मुलीने आपल्या अंगणातली बाग थंडीसाठी कशी आवरली ते दाखवले, तेव्हा यांनीही नोव्हेंबरात मोगरा, जास्वंद, गुलाब सारे वीतभर ठेवून छाटले, खत बंद केले, पाणी आठवड्यातून एकदाच घातले आणि कुंड्या गोणपाटात गुंडाळून गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवल्या. मार्चमध्ये गोणपाट सोडले तेव्हा मोगरा आणि दोन्ही गुलाब वाळलेले निघाले. यंदाच्या पावसात तुळस मुळापासून कुजली, वाचलेल्या जास्वंदीवर कापसासारखे पांढरे काहीतरी चढले, आणि पातोळ्यांच्या पानांसाठी लावलेली हळदही पिवळी पडू लागली आहे. खालच्या मजल्यावरून पाणी ठिबकत असल्याची तक्रार आली आहे. यजमानांचे म्हणणे असे की दिवाळीच्या साफसफाईत सगळे काढून टाकावे आणि हौस असेल तर जूनमध्ये नव्याने लावावे, कारण झाडे पावसाळ्यातच लागतात. या भगिनी विचारतात की थंडीची तयारी कुठे चुकली, यंदा ती कशी करावी, की आपल्या हाताला गुणच नाही असे समजून हा नाद सोडावा? मुलीचा सल्ला चुकला असे तिला सांगायला मन धजत नाही, आणि तुळस जाणे अशुभ असते हे शेजारणीचे बोलणे मनातून जात नाही, असेही त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे.

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात कुजलेली तुळस, जास्वंदीवरची कीड, ठिबकणारे पाणी असे बरेच प्रश्न आहेत आणि त्या प्रत्येकाला उत्तर आहे. पण ही सारी उत्तरे ज्या प्रश्नावर उभी राहतात तो तुमच्या पत्रात आलेला नाही, म्हणून आधी तोच विचारते. गेल्या वर्षी तुम्ही जी तयारी केलीत, ती कोणत्या गावच्या थंडीची होती?

टोरांटोत ऑक्टोबरात रात्रीचे दव गोठू लागते आणि पुढे कित्येक आठवडे तापमान शून्याच्या खाली राहते. पाणी गोठले की फुगते. त्यामुळे कोवळ्या फांद्यांच्या पेशी फुटतात, आणि ओल्या मातीने भरलेली कुंडी बाहेर राहिली तर तीसुद्धा तडकते. तिथली बरीचशी झाडे पाने गाळून झोपी जातात, आणि झोपलेल्या झाडाला खत घालून नवी पालवी फोडायला लावणे म्हणजे ती पालवी थंडीच्या तोंडी देणे होय. म्हणून तिथे मुळांवर वाळक्या पानांचा जाड थर घालणे, नाजूक कुंड्या घरात घेणे, खत थांबवणे हे सगळे योग्यच असते. ट्युलिपचे कांदे तर तिथे याच दिवसांत मातीत पुरतात, कारण बरेच आठवडे कडक थंडी भोगल्याशिवाय ते धड फुलत नाहीत. तेव्हा तुमच्या मुलीने तुम्हाला चुकीचे काहीही सांगितलेले नाही. तिने तिच्या अंगणापुरते खरे तेच सांगितले, आणि ते इतक्या मायेने सांगितले की तुम्हाला ते आपल्या गॅलरीपुरते तपासून पाहावेसे वाटले नाही.

आता आपल्याकडचे पाहू. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ती नोंद २२ जानेवारी १९६२ची आहे. म्हणजे नोंदीतल्या सर्वांत गार रात्रीसुद्धा मुंबई पाणी गोठण्याच्या जवळपास गेली नव्हती. एरवी जानेवारीतल्या पहाटे तापमान १६-१७ अंशांच्या आगेमागे असते आणि दुपारी ते ३० अंशांपर्यंत चढते. तुमचे मुलुंड डोंगराच्या कुशीत असल्यामुळे तिथली पहाट कुलाब्यापेक्षा थोडी अधिक गार असते, इतकेच. या हवेत मोगरा, जास्वंद किंवा तुळस गारठून मरत नाही. उलट पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, शेवंती, पिटुनिया यांना मुंबईत मानवणारे वर्षातले दिवस हेच आहेत. टोमॅटोला फुले तर उन्हाळ्यातही येतात, पण रात्री उकडत असल्या की ती फळ न धरताच गळून पडतात. महापालिकेचे उद्यान खाते राणीच्या बागेत फुलांचे प्रदर्शन भरवते ते जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. या शहरात फुलझाडे कधी बहरतात हे त्या खात्यातल्या माळ्यांना चांगले ठाऊक असते.

यजमानांच्या म्हणण्यातही अर्धे खरे आहे. जमिनीत लावायची मोठी झाडे पावसाच्या तोंडावर लावावीत, आणि मोगऱ्या-जास्वंदीच्या फांद्यांना मुळे फुटायलाही पावसाळ्याची दमट हवा चांगली. परंतु आपल्याकडच्या शेतकऱ्याचे वर्ष एका पेरणीवर संपत नाही. खरिपाचे पीक घरात आले की तो रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई पेरतो. कोकणात भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल होतो, आणि त्याच शेंगा मडक्यात भाजून केलेली पोपटी रायगडात थंडीच्या रात्री लागते. तुमच्या गॅलरीत हीच दुसरी पेरणी व्हायची राहून गेली आहे. कुंडीच्या बाबतीत तर मी असे म्हणेन की मुंबईत लागवडीचे वर्ष दसऱ्याला सुरू होते. जून ते सप्टेंबर इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मातीतले अन्न धुऊन जाते, कुंडीचे छिद्र बुजले की मुळे गुदमरतात आणि आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. अशा चार महिन्यांत नवख्या माणसाने बाग उभी करायची आणि ती सोपी असताना, म्हणजे नोव्हेंबरात, आवरून ठेवायची, हा क्रम उलटा आहे.

तुमच्या बाबतीत तो अधिकच उलटा ठरला, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातल्या एका शब्दात आहे. तुमची गॅलरी दक्षिणेकडे आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत मुंबईत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. त्यानंतर तो रोज थोडा थोडा दक्षिणेकडे उतरत जातो. डिसेंबरच्या अखेरीस तो आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो. असे तिरपे ऊन वरच्या मजल्याच्या छज्जाखालून थेट तुमच्या गॅलरीत शिरते. म्हणजे ज्या महिन्यांत तुमच्या गॅलरीला वर्षातले सर्वांत चांगले ऊन मिळते, नेमक्या त्याच महिन्यांत तुम्ही कुंड्या गोणपाटात बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. आपल्या हाताला गुण नाही असे तुम्ही लिहिले आहे. हाताचा गुण-अवगुण ठरवायला आधी झाडाला उजेड मिळालेला असावा लागतो, आणि तो तुमच्या झाडांना मिळालाच नाही.

म्हणून काहीही विकत आणण्यापूर्वी एक सुटीचा दिवस फक्त पाहण्यासाठी द्या. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला ऊन गॅलरीच्या फरशीवर कुठपर्यंत येते तिथे खडूने रेघ ओढा. समोर एखादा टॉवर उभा राहिला असेल तर त्याची सावली किती वेळ पडते तेही या रेघांवरून कळेल. तिन्ही वेळा उन्हात असलेली जागा भाज्या, गुलाब आणि शेवंतीची. दोन वेळा ऊन मिळणाऱ्या जागी तुळस, जास्वंद, पालेभाज्या ठेवता येतील, आणि जिथे एकही रेघ पोहोचत नाही तिथे मनीप्लांट आणि नेच्यांसारखी सावलीतली झाडे. ज्या वाचकांची गॅलरी उत्तरेला आहे त्यांनी मात्र थंडीत तिथे टोमॅटो-मेथीचा हट्ट धरू नये, कारण त्यांच्याकडे आता मार्चचा तिसरा आठवडा उलटून जाईपर्यंत थेट ऊन येणार नाही. त्यांनी पानांच्या झाडांवर समाधान मानावे, किंवा सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर दोन-चार कुंड्या ठेवाव्यात. पूर्व-पश्चिमेच्या गॅलरीत अर्ध्या दिवसाचे ऊन मिळते आणि पालेभाज्यांना ते पुरते.

गेल्या वर्षीचा मोगरा कशाने गेला हेही स्पष्ट सांगते, म्हणजे तुम्ही यापुढे कात्री हातात घ्यायला घाबरणार नाही. नुसत्या छाटणीने तो गेला नाही. छाटल्यावर झाडाला नवी पालवी फोडावी लागते आणि त्यासाठी ऊन, पाणी व अन्न लागते. तुम्ही छाटणी केलीत आणि त्याच दिवशी या तिन्ही गोष्टी बंद केल्यात. आपल्याकडच्या थंडीत झाड झोपत नसल्यामुळे साठलेले अन्न वापरून ते फुटण्याची धडपड करत राहिले असणार, आणि शिदोरी संपल्यावर वाळले असणार. यंदा प्रत्येक झाडाची छाटणी त्याच्या वेळी करा. गुलाब आणाल तर त्याची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळाशी काढून बाकीच्या, बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या, वर तिरक्या कापाव्यात. साधारण ४५ दिवसांनी फुले येतात. मोगरा पुन्हा आणलात तर त्याला मात्र आता हात लावू नये. त्याचा बहर उन्हाळ्यातला, म्हणून त्याची छाटणी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत करावी आणि त्यानंतर शेणखताची ओंजळ द्यावी. जास्वंदीचे फक्त कीड लागलेले शेंडे काढावेत. कढीपत्ता थंडीत मंदावतो, त्याला फेब्रुवारीपर्यंत तसाच राहू द्यावा.

आता तुळशीविषयी. तिच्या जाण्याला अशुभ मानण्याचे काही कारण मला दिसत नाही. तुळस हे फार दीर्घायुषी झाड नाही. दोन-तीन वर्षांत तिचे खोड लाकडासारखे होते, आणि चार महिने पाणी साचलेल्या मातीत असे जून झाड मुळाशी कुजणे अगदी साहजिक आहे. आपल्या परंपरेनेही तुळस एकदा लावली आणि जन्मभर तीच राहिली असे कधी मानलेले नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत माझी आई कार्तिकी एकादशीच्या आधी तेलाच्या पत्र्याच्या डब्यातली माती बदलायची, जुनी तुळस थकली असेल तर तिच्याच मंजिरीतून उगवलेले रोप त्यात लावायची आणि मग डब्याला गेरू फासायची. तुळशीचे लग्न पाऊस संपल्यावर, ऊन स्थिरावल्यावर येते, आणि नवे रोप लावायला मुंबईत तीच वेळ उत्तम असते. तुमच्या वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या अजून असतील तर त्या तळहातावर चोळून बी ओलसर मातीवर भुरभुरवा आणि वर अगदी पातळ माती टाका. नसतील तर रोप विकत आणा, पण आणल्या दिवशी कुंडी बदलू नका. आठवडाभर ते तुमच्या गॅलरीच्या हवेला सरावू द्या आणि मग लावा. पुढे मंजिऱ्या दिसू लागल्या की खुडत जा, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती न घालवता पानांनी भरेल.

तुळस ज्या कुंडीत कुजली ती माती मात्र लगेच वापरू नका. किंबहुना या दिवसांतले सर्वांत मोलाचे काम मातीचेच आहे, आणि त्यात घाई करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ऑक्टोबरच्या ज्या उन्हाला आपण सगळे वैतागतो, ते मातीला औषधासारखे असते. रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती जुन्या प्लॅस्टिकवर पातळ पसरा, मुळांचे तुकडे वेचून टाका आणि दहा-पंधरा दिवस रोज वरखाली करत उन्हात तापू द्या. बुरशी आणि गोगलगाईंची अंडी बरीचशी त्यात मरतात. मग चार वाट्या मातीला तीन वाट्या गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत, तीन वाट्या कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करा. कुंडीच्या तळाचे छिद्र काडीने मोकळे करून त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. ज्या कुंड्यांतली झाडे धडधाकट आहेत त्यांना उपटायचे नाही. त्यांची वरची दोन बोटे माती खुरप्याने काढा, खालची माती मुळे न दुखावता सैल करा आणि दोन ओंजळी खत घाला. पावसाने धुऊन नेलेले अन्न एवढ्याने बरेचसे भरून निघते.

खत विकतच घ्यावे असे नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून भाज्या आणि फळझाडे वाढवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. तुम्हाला एवढा मोठा व्याप करायचा नाही. तळाला आणि बाजूला छिद्रे पाडलेला एक माठ किंवा बादली घ्या, भाज्यांच्या सालींचा एक थर आणि सोसायटीच्या आवारातल्या वाळक्या पानांचा त्याहून जाड थर असे घालत जा, आणि आठवड्यातून एकदा हलवा. आता सुरुवात केलीत तर जानेवारीत, मोगऱ्याच्या छाटणीच्या सुमारास, पहिले खत हाती येईल. हीच वाळकी पाने कुंडीतल्या मातीवर दोन बोटे जाडीने पसरा. तुमची मुलगीही पानांचा थर घालते, पण तिचा थर मुळांना थंडीपासून राखण्यासाठी असतो आणि तुमचा ओल टिकवण्यासाठी.

जास्वंदीवरचे पांढरे कापसासारखे दिसते ते पिठ्या ढेकूण आहे. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाका, खताच्या माठात घालू नका. उरलेल्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते मिसळण्यापुरता भांड्यांचा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेसुद्धा. दर सात-आठ दिवसांनी असे तीनदा करा. खोडावरून मुंग्यांची रांग दिसली तर तीही मोडावी लागेल, कारण मुंग्या या किडीच्या गोड चिकट्यासाठी तिला राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. ही जास्वंद तुम्हाला टाकून द्यावी लागणार नाही.

यजमानांचे म्हणणे मला पूर्णपणे डावलता येत नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोंच्या आसपास भरते. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत अशा २६ कुंड्या म्हणजे वावरायला जागा नाही, झाडायला जागा नाही, आणि ग्रिलवर टांगल्या असतील तर धोकाही आहे. सारे काढून टाकणे आणि सारे ठेवणे यांच्यामध्ये एक मधला मार्ग आहे, तो तुम्ही दोघांनी मिळून ठरवावा. माझ्या मते तुमच्या गॅलरीला बारा ते चौदा कुंड्या पुरेत. ग्रिलवरच्या जड कुंड्या आधी खाली उतरवा. खडूच्या रेघांवरून ज्यांना जागा मिळत नाही अशी झाडे शेजारीपाजारी किंवा सोसायटीच्या आवारात द्या. दिवाळीच्या साफसफाईत गॅलरीची फरशी धुऊन घ्यायची ती याच वेळी, म्हणजे पाणी कुठून झिरपते तेही दिसेल. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवा, पण त्यातले पाणी रोज ओतून टाका आणि ती आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. खालच्या घरच्यांना हे सगळे स्वतः जाऊन सांगा. त्यांची तक्रार रास्त आहे.

पेरणीला तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, पण मी तुमच्या जागी असते तर मेथीपासून सुरुवात केली असती. मासळी बाजारातून थर्माकोलचे खोके मिळते. ते धुऊन तळाला छिद्रे पाडा, सहा इंच माती भरा, मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरा आणि वर पातळ माती द्या. चार-पाच दिवसांत मेथी उगवते आणि तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. बाजारात आपण समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या घेतो तशी कोवळी हवी असेल तर त्याहूनही लवकर मिळते. ज्यांना आपल्या हाताबद्दल शंका आहे त्यांनी आधी मेथी लावावी असे मी मनापासून सांगते. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाळ्या करून पेरा आणि तिला उगवायला आठ ते बारा दिवस द्या, मध्येच माती उकरून पाहू नका. पालक आणि मुळा त्याच बेताने. दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरत गेलात तर जानेवारी अखेरपर्यंत पेरणी चालू ठेवता येईल. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापते आणि मेथी-कोथिंबिरीला फुलोरा येऊ लागतो, तेव्हा ते खोके रिकामे करावे. दसऱ्याच्या तोरणातले झेंडू वाळले असतील तर त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेल्या काळ्या काड्या पेरून पाहा. संकरित झेंडूचे फूल आईसारखेच येईल अशी खात्री नसते, पण झाड मात्र येते. टोमॅटोची मात्र रोपेच आणा.

शेवंती आणणार असाल तर एक जपा. तिला कळ्या धरायला मोठी, अंधारी रात्र लागते. गॅलरीत रात्रभर आकाशकंदील पेटता राहिला तर ती अडून बसते. निजताना कंदील मालवावा, नाहीतर तिची कुंडी त्याच्या उजेडाबाहेर ठेवावी.

पाण्याचा नियम तारखेवरून ठरवू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात लहान कुंड्यांना दोन वेळा लागते, तर डिसेंबरात मोठ्या कुंड्यांना दिवसाआड पुरते. बोट मातीत दोन पेरे घाला आणि कोरडे लागले तरच पाणी द्या. थंडीत उत्तरेकडून येणारे वारे कोरडे असतात, त्यामुळे हवा गार असूनही कुंडी अपेक्षेपेक्षा लवकर सुकते. गेल्या वर्षीचे तुमचे आठवड्यातून एकदाचे पाणी म्हणूनच फार तोकडे पडले. पाणी सकाळी द्यावे आणि मुळाशी द्यावे, कारण रात्री पाने ओली राहिली की बुरशी धरते.

या शहरातल्या थंडीत झाडांना खरा त्रास होतो तो धुळीचा, आणि त्याची तयारी फारसे कोणी करत नाही. या दिवसांत वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा वर चढत नाही आणि बांधकामांची धूळ तिथल्या तिथे साचते. २०२३च्या ऑक्टोबरात महापालिकेला बांधकामांसाठी धूळनियंत्रणाचे नियम जाहीर करावे लागले होते. पानांवर धुळीचा थर बसला की त्यांना मिळणारे ऊन कमी होते आणि लाल कोळ्यासारख्या किडी वाढतात. आठवड्यातून एकदा, सकाळी, सगळी पाने फवाऱ्याने धुवा, रुंद पाने ओल्या फडक्याने पुसा. ताटल्यांत पाणी मावेल एवढेच वापरा, म्हणजे खालच्यांना त्रास होणार नाही.

राहता राहिली मुलगी. तिला चूक-बरोबर काही सांगण्याची गरजच मला वाटत नाही. पुढच्या रविवारी फोन गॅलरीत घेऊन जा, फरशीवरच्या खडूच्या रेघा तिला दाखवा आणि तिच्या अंगणात सूर्य आता कुठपर्यंत उतरतो ते विचारा. तुमच्याकडे दुपारचे ऊन छज्जाखालून आत आले आहे हे पाहिल्यावर बाकीचे तिला सांगावे लागणार नाही. तिने तिच्या बागेतला एखादा ट्युलिपचा कांदा तुमच्या नावाने लावावा आणि तुम्ही तिच्या नावाचे मेथीचे खोके करावे. तिचे फूल वर येईपर्यंत इकडे तुमच्या तीन-चार खुडण्या झालेल्या असतील.

आणि तिला हेही सांगा की तिचा सल्ला अक्षरशः लागू पडेल असे एक झाड तुमच्याकडे आहे. तुमच्या हळदीला कोणताही रोग झालेला नाही. जूनमध्ये लावलेली हळद पावसाळा सरल्यावर पिवळी पडते आणि पाने वाळवून जमिनीखाली विसावते. अॅडेनियम आणि कॅलेडियमही मुंबईच्या थंडीत असेच आवरते घेतात, ज्या वाचकांकडे ती आहेत त्यांनी त्यांचे पाणी बेताने कमी करावे. तुम्ही हळदीचे पाणी कमी करत करत, पाने पूर्ण वाळली की थांबवा आणि कुंडी कोपऱ्यात ठेवून द्या. हवे तर तिला गोणपाटही गुंडाळा, तिचे काही बिघडणार नाही. जानेवारीच्या अखेरीस कुंडी कागदावर उपडी करा. सगळ्यांत टपोरा कांडा जूनमध्ये पुन्हा लावण्यासाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्या ओल्या हळदीचे लिंबू पिळून लोणचे घाला.